सरासरी पांढरा उजेड

अंबिका गड्डमनं डाळिंबी शालूवर वांगी रंगाचा ब्लाउजपीस दिला, असं कुणी सांगितलं असतं तर अख्ख्या सोलापुरात कुणाचा विश्वास बसला नसता. बार्शी-अक्कलकोटच्या बायका वाट वाकडी करून तिच्या ‘गड्डम मॅचिंग सेंटर’मध्ये यायच्या. साडीची घडी काउंटरवर पडली की अंबिका मागे न बघताच हात लांब करी, आणि कप्प्यातून जो तागा निघे तो त्या साडीच्याच मागावरून उतरल्यासारखा निघे.

आणि तरी त्या दिवशी काउंटरवर डाळिंबी शालू होता, त्याच्या शेजारी वांगी ब्लाउज होता, तोही शिवून झालेला, आणि समोर नवरीची मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती.

“हे मॅचिंग आहे का? तुम्हीच सांगा.”

अंबिकानं दोन्ही कपडे शेजारी शेजारी धरले. तिला दोन्ही काळे दिसले.

“इथं नाही कळायचं,” ती म्हणाली. “बाहेर चला. बँकेसमोर.”

“बँकेसमोर? ब्लाउज बघायला?”

पण गेल्या. पुढे अंबिका, काखेत शालू, हातात ब्लाउज; मागे मावशी, तिच्या मागे मावशीची जाऊ. गल्लीतून बाहेर पडून डावीकडे वळलं की बँकेपाशी टॉवरची सावली संपत होती. तिथं ऊन होतं. उन्हात आल्याबरोबर वांग्याचं वांगं झालं आणि डाळिंबाचं डाळिंब. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले.

“आता दिसलं?” मावशी म्हणाली. “एवढं मोठं दुकान, आणि रंग बघायला रस्त्यावर यायचं?”

 हाच प्रश्न अंबिका स्वतः दिवाळीपासून दिसेल त्याला विचारत होती.

दिवाळीच्या आधी दोन वर्षं गल्लीच्या दक्षिणेला पन्नास मजल्यांचा टॉवर उभा राहिला होता. सोलापुरात सावलीबद्दल तक्रार करणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. पहिल्या उन्हाळ्यात तर सूर्य डोक्यावर, त्यामुळे सावलीही टॉवरच्या पायाशीच, आणि दुपारनंतर जरा गारवा. गल्ली खूश होती. पण थंडी सुरू झाली, सूर्य दक्षिणेकडे कलला आणि टॉवरची सावली गल्लीत येऊन लांबच्या लांब आडवी झाली. सकाळी आली की संध्याकाळपर्यंत उठायची नाही. शेवया वाळेनात, चादरी वाळेनात, भिंतींना ओल धरली. म्हाताऱ्यांचे गुडघे बोलायला लागले.

तोवर शहरांसाठी उजेड-भरपाईचा कायदा आला होता. ज्यानं इमारत बांधून दुसऱ्याचं ऊन अडवलं, त्यानं ते मोजून परत द्यायचं. बिल्डरनं परत दिलं. टॉवरच्या गच्चीच्या कडेनं त्यानं पारदर्शक फिल्मची तावदानं उभी केली. डोक्यावरून निघून जाणारं ऊन त्या फिल्ममधून जाताना खाली वळायचं आणि सावलीत बसलेल्या गल्लीवर पडायचं. सूर्य सरकला की तावदानंही मोटारीवर आपोआप सरकायची.

ऊन वळलं, ते गल्लीत पडलंही. फक्त पडता पडता ते फुटलं.

टॉवरला लागून असलेलं पहिलं घर लाल झालं. दुसरं शेंदरी. मग पिवळं, मग पोपटी. नऊ घरांच्या गल्लीत बरोबर मधलं घर अंबिकाचं, ते हिरवं. त्याच्या पुढे आकाशी, निळं, आणि शेवटच्या घरातल्या कोचिंग क्लासची मुलं जांभळ्या उजेडात गणितं सोडवायला लागली. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना भारी मौज वाटली. कुठल्याशा वाहिनीनं ‘इंद्रधनुष्य गल्ली’ असं नाव दिलं. लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला यायला लागली. दुकानाच्या पायरीवर उभी राहायची, गळ्यात गळे घालायची, आणि एक रुमालसुद्धा विकत न घेता पुढच्या रंगात जायची.

अंबिकाच्या घरात भात हिरवा झाला आणि टोमॅटोचं सार काळं. कारण साधं होतं. टोमॅटो लाल दिसतो तो त्याच्यावर पडलेल्या उजेडातला लाल भाग तो परत फेकतो म्हणून. उजेडात लाल नसेलच तर तो फेकणार काय? दुकानात राणी, डाळिंबी, मरून, वांगी हे सगळे ताग्यांचे कप्पे एका रात्रीत काळे पडले. उलट लिंबू, बदामी, पोपटी आणि पांढरंशुभ्र अस्तर, सगळे एकाच तोंडवळ्याची भावंडं झाली.

“हिरवा रंग डोळ्यांना चांगला असतो म्हणतात,” तिचा नवरा श्रीनिवास म्हणाला. तो टॉवेलच्या कारखान्यात माल रवाना करायच्या खात्यात होता. त्याला सगळेच टॉवेल सारखे.

“तुमच्या ताटात काळं सार वाढते रोज, चांगलंय की नाही ते सांगा,” अंबिका म्हणाली.

तिनं दुकानाला जाड पडदे लावले आणि महागाचे दिवे आणले. तर लांबून दुकान बंद दिसायला लागलं. आणि आत आलेली बाई हमखास तेच म्हणायची, जे मॅचिंगला आलेली प्रत्येक बाई पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आली आहे: “दिव्याखाली नको बाई, जरा उजेडात बघू द्या.” मग पडदा सारायचा, हिरवा लोट आत घ्यायचा, आणि कपाळाला हात लावून बँकेसमोर चालू लागायचं. बँकेचा रखवालदार आता तिला लांबून बघूनच खुर्ची देत असे.

महापालिकेचा उजेड-अधिकारी आला तो हातात मोजयंत्र घेऊन. कोंगनोळे त्याचं नाव. माणूस वाईट नव्हता. त्यानं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन प्रत्येक घरासमोर यंत्र धरलं, बटणं दाबली, आणि समाधानानं मान हलवली.

“ताई, उजेड पुरेपूर आहे. उलट नियमापेक्षा थोडा जास्तच.”

“अहो पण तो हिरवा आहे!”

“तुमच्यापुरता हिरवा आहे.” त्यानं यंत्र फिरवून तिला पडदा दाखवला. “आम्हाला पूर्ण गल्लीचा विचार करावा लागतो. लाल आहे, निळा आहे, हिरवा आहे. सगळे रंग योग्य प्रमाणात आहेत. एकत्र केले तर होतो पांढरा. म्हणजे गल्लीला मिळणारा उजेड सरासरी पांढरा आहे.”

अंबिकाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “सरासरी पांढरा?”

“हो.”

“साहेब, एका माणसाचं डोकं बर्फात आणि पाय चुलीत घातले तर तो सरासरी ठीक आहे म्हणाल का?”

कोंगनोळेनं यंत्र पिशवीत घातलं. “नियमात माणसाचं नाही, गल्लीचं लिहिलंय,” तो म्हणाला आणि निघून गेला.

निदान सगळ्या गल्लीनं मिळून ओरड केली तर काही होईल, असं अंबिकाला वाटलं. घरोघर जाऊन तिनं सगळ्यांना तयार केलं. राहिलं पहिलं घर. ते हेमलता बिराजदारचं, आणि हेमलता म्हणजे तिची वीस वर्षांची मैत्रीण. ती काय, हाकेसरशी येणार, म्हणून अंबिकानं तिला शेवटी ठेवलं होतं.

हेमलताची रोपवाटिका होती. अंगणात आणि गच्चीवर ट्रेच्या रांगा. मिरची, झेंडू, टोमॅटो. नवरा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. मुलगी पुण्यात. घरात ती आणि मोतीबिंदूमुळे अंधूक दिसणारे सासरे, आप्पा. अंबिका अंगणात शिरली तेव्हा सगळं कसं निखाऱ्यावर धरल्यासारखं लाल होतं. रोपं काळी दिसत होती, पण होती मात्र चांगली वीतभर. आप्पा खुर्चीत बसून पाय शेकत होते.

“बघितलंस?” हेमलता कौतुकानं म्हणाली. “झाडांना लाल उजेड फार मानवतो म्हणे. एवढी रोपं आजवर कधी झाली नव्हती. टेम्पोवाले दारात येऊन घेऊन जायलेत. पंधरा दिवस मी गल्लीबाहेर पाय टाकला नाही.”

अंबिकानं तक्रारीचं सांगितलं.

“काढायचं म्हणजे? परत अंधार?”

“काढा कोण म्हणायलंय? नीट करा म्हणायचं.”

“माझं नीट आहे.”

“तुझं नीट आहे म्हणून माझं दुकान बसू दे का?”

हेमलता हातावर खाजवत होती. कोपरापासून मनगटापर्यंत, परत वर. “तुझ्या दुकानाचं मला वाईट वाटत नाही का? पण मी का हो म्हणू? त्यांनी हात लावला आणि माझं गेलं तर? आप्पांचे गुडघे बघ. तीन महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून उठून बसलेत.”

“खाजवायचं बंद कर आधी.”

“कोकोपीटच्या भुशाची धूळ आहे ती. तू विषय बदलू नको.”

बोलण्यातून बोलणं वाढलं. वीस वर्षांत ज्या गोष्टी दोघींनी एकमेकींना सांगितल्या नव्हत्या त्याही निघाल्या. शेवटी हेमलता म्हणाली, “तुला ना अंबिके, सगळी गल्ली तुझ्या काउंटरसमोर उभी पाहिजे. ऊनसुद्धा!” अंबिका तडक निघाली, आणि रागाच्या भरात शेंदरी, पिवळी, पोपटी अशी तीन घरं ओलांडून स्वतःच्या हिरव्या दारात आली तेव्हा कुठं तिला कळलं की चप्पल हेमलताच्या अंगणात राहिली आहे. ती आणायला ती गेली नाही. हेमलतानं पाठवलीही नाही.

बोलणं बंद झालं. दोन-तीन आठवडे गेले. आणि मग एक दिवस फिल्म बनवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर स्वतःच दुकानात येऊन स्टुलावर बसली. शाल्मली ओक, विशी-पंचविशीची, खांद्याला मोठी पिशवी, चेहऱ्यावर अपराधी भाव.

“काकू, तुमच्या तक्रारी मी सगळ्या वाचल्या. अठरा आहेत.”

“एकोणीस. मग? वाचून काय केलंस?”

“बघायला आले.” शाल्मलीनं आजूबाजूला बघितलं. हिरव्या कप्प्यांत हिरवे आणि काळे तागे. एका काळ्या ताग्यावर तिनं बोट फिरवलं. मग म्हणाली, “प्रयोगशाळेत असं दिसलं नव्हतं.”

“काय होतंय हे, एकदा मला कळेल असं सांग. तिकडे सगळे सरासरी सांगतात.”

शाल्मलीनं काउंटरवरचा पाण्याचा ग्लास पुढे ओढला आणि त्यात पेन बुडवलं. पेन पाण्यापाशी मोडल्यासारखं दिसलं. “हवेतून पाण्यात, नाहीतर काचेत शिरताना प्रकाशाचा वेग बदलतो, म्हणून तो वळतो. पण सगळे रंग सारखे वळत नाहीत. काचेच्या लोलकात जांभळा जास्त वळतो, लाल कमी. म्हणून ते सुटे होतात. पावसाचा थेंब तेच करतो, हिऱ्याच्या कुडीतही तेच होतं.” मग तिनं पिशवीतून हातरुमालाएवढी पारदर्शक फिल्म काढली. “ही काच नाही. हिच्यावर रेघा आहेत. आपल्या केसाच्या जाडीत पन्नास-साठ बसतील इतक्या बारीक. त्या रेघांमधून जाताना प्रकाश वळतो, पण लोलकाच्या उलट. इथं लाल सगळ्यांत जास्त वळतो. जास्त वळला म्हणजे टॉवरच्या जवळ पडला. निळा कमी वळतो, तो लांब जाऊन पडतो. तुम्ही मध्ये आहात.”

“म्हणजे हे असं होणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं?”

“होतं. म्हणून वर दुसरा थर होता, फुटलेले रंग परत गोळा करणारा.”

“मग तो कुठाय?”

शाल्मलीनं नजर खाली केली. “आमच्या अहवालात होता. बिल्डरच्या कंत्राटात नाही आला.”

अंबिकानं कात्री काउंटरवर ठेवली. हातात राहिली असती तर काय केलं असतं सांगता येत नाही. “आणि आरसे? साधे आरसे का नाही लावले? आरशात माझं तोंड कधी सात रंगांचं दिसलं नाही.”

“बरोबर आहे. आरसा रंग फोडत नाही. पण पन्नासाव्या मजल्यावर वारा केवढा असतो! एवढ्या काचा धरून ठेवायला जेवढं लोखंड लागेल तेवढं त्या गच्चीला पेलणार नाही. फिल्म साडीइतकी हलकी असते, म्हणून ती.” शाल्मली पुढे झुकली. “दुसरा थर माझ्या हातात नाही. पण तावदानांचा कल माझ्या हातात आहे. पांढरं कापड आहे?”

अंबिकानं अस्तराचा तागा उलगडला आणि पडदे ओढले. शाल्मलीनं मोबाइलचा दिवा काउंटरवर टेकवून त्याच्यासमोर फिल्मचा तुकडा उभा केला. अस्तरावर रंगांचा पट्टा पडला; एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला जांभळा. मग तिनं पिशवीतल्या दुसऱ्या दिव्यासमोर दुसरा तुकडा उभा केला आणि तो जरा तिरका केला. दुसरा पट्टा पहिल्यावर पडला, पण किंचित सरकून. मग तिसरा, आणखी सरकून. आणि जिथं एकाचा लाल, दुसऱ्याचा हिरवा आणि तिसऱ्याचा निळा एकमेकांवर आले, तिथं अस्तर अस्तरासारखं दिसलं. पांढरं.

अंबिकानं पदरानं डोळे टिपले. आपण एवढ्यासाठी रडू, असं तिला वाटलं नव्हतं.

“आत्ता सगळी तावदानं एकाच कोनात आहेत,” शाल्मली सांगत होती. “ती थोडी थोडी वेगळी वळवली की गल्लीच्या मधल्या घरांवर सगळे रंग एकत्र येतील.”

“आणि कडेला?” कापडाच्या टोकांना अजून रंग होते. इकडे मळकट लाल, तिकडे मळकट निळा.

“कडेला आहे तोच रंग राहील. पण निम्म्याहून कमी. थोडा उजेड गल्लीबाहेरही सांडेल.” शाल्मली म्हणाली. “एक दिवस चाचणी म्हणून करू शकते मी. मग गल्लीनं ठरवायचं. करू?”

अंबिका त्या लाल टोकाकडे बघत राहिली. ते टोक कुणाचं, हे तिला चांगलं माहीत होतं. हेमलताला आधी सांगायला पाहिजे होतं. पण बोलणंच बंद होतं, मग सांगायचं कसं? अडचण मोठी सोयीची होती.

“कर,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली असतील-नसतील तोच गल्लीतला उजेड हलला. हिरवा रंग भिंतीवरून पाणी ओसरावं तसा ओसरला, आणि त्याच्या जागी नुसतंच ऊन राहिलं. साधं, कुठल्याच रंगाचं नसलेलं ऊन. दुकानात एकेका कप्प्याला जाग आली. राणी राणी झाला, अबोली अबोली झाली, चिंतामणी निळा कोपऱ्यातून उठून दिसला. अंबिका ताग्यांवरून हात फिरवत या टोकाकडून त्या टोकाकडे गेली आणि परत आली. तीन ठिकाणी तिला चुकीच्या कप्प्यात गेलेले तागे सापडले. तिनं स्वतःलाच शिव्या घातल्या आणि ते जागेवर लावले.

तेवढ्यात दारात हेमलता आली. हातात मिरचीच्या रोपांचा ट्रे, पदर खोचलेला, आणि आवाज पहिल्या घरापासूनच सुरू झालेला.

“तूच केलंस ना हे? सांग ना! माझ्या अंगणात अंधार, आणि हिच्या दुकानात बघा, दिवाळी! विचारलं नाहीस, सांगितलं नाहीस. आप्पा विचारायलेत, हेमा, सूर्य मावळला का म्हणून. काय सांगू त्यांना? तुमच्या अंबिकानं नेला म्हणू?”

“हेमा, हा एकच दिवस...”

“आज एक दिवस, उद्या वर्ष! ही रोपं बघ. शब्द दिलाय मी लोकांना. तुझं ते कापड चार दिवस कप्प्यात पडून राहिलं तर मरत नाही. माझं मरतं!”

अंबिका उत्तर द्यायला तोंड उघडून तशीच राहिली. हेमलता काय बोलते आहे हे तिला ऐकू येईनासं झालं होतं. ती बघत होती. आयुष्यभर तिनं एकच काम केलं होतं. दोन रंग शेजारी ठेवून ते एकच आहेत की नाहीत ते बघायचं. समोर दारातल्या उन्हात हेमलता उभी होती. महिन्याभरात पहिल्यांदा तिच्यावर सगळा उजेड पडला होता.

अंबिकानं अस्तराचा तागा उचलला, काउंटरला वळसा घातला आणि ते पांढरं कापड थेट हेमलताच्या गालाशी नेऊन धरलं.

“काय करायलीस? माझं मॅचिंग काढायलीस का?”

“गप उभी रहा. वर बघ.”

“अंबिके, मी भांडायला आलेय!”

“भांड नंतर. डोळे उघड नीट.” अंबिकानं कापड आणखी जवळ नेलं. “हेमा, तुझे डोळे पिवळे झालेत.”

“तुझ्या दुकानात सगळंच हिरवं-पिवळं दिसतं.”

“आज नाही दिसत. हे अस्तर बघ, आणि हे बघ.” तिनं ट्रायलसाठी ठेवलेला आरसा तिच्यापुढे धरला. हेमलतानं पाहिलं. बुबुळांच्या भोवती, जिथं पांढरं असायला हवं, तिथं लिंबू रंग होता.  मग तिनं ट्रे हळूच खाली ठेवला.

“रोज आरशात बघते मी,” ती म्हणाली. “चांगली गुलाबी दिसते. मुलगी पण व्हिडिओवर म्हणते, आई, तब्येत सुधारली तुझी.”

मुलीची चूक नव्हती, आरशाचीही नव्हती. पांढऱ्यातून निळा काढून घेतला की उरतो तो पिवळा. दोघांत फरक तेवढाच. पांढरं आणि पिवळं ओळखायचं तर उजेडात निळा असायलाच लागतो. हेमलताच्या घरी नुसता लाल होता. त्या लाल उजेडात पांढरं लाल दिसतं आणि पिवळंही तितकंच लाल दिसतं. अंबिकाच्या हिरव्यात ती रोज येऊन बसली असती तरी काही कळलं नसतं. निळा होता तो गल्लीच्या पलीकडच्या टोकाला, कोचिंग क्लासाकडे. तिथं हेमलताला काय काम? आणि रात्री दिव्याखाली एका अंधूक नजरेच्या म्हाताऱ्याशिवाय तिच्याकडे बघायला घरात होतं कोण?

“खाज कधीपासून आहे?” अंबिकानं विचारलं.

“ती धूळ...”

“धूळ नाही ती. जेवण जातंय?”

हेमलतानं नाही म्हणून मान हलवली. अंबिकानं शटर ओढलं. दुकानात खरं ऊन असलेला चार महिन्यांतला पहिला दिवस, आणि दुकान बंद.  रिक्षा सुरू झाल्यावर हेमलताला सगळं एकदम आठवलं. रोपांना पाणी कोण घालणार, आप्पांचा चहा कोण करणार, टेम्पो येऊन परत जाईल. अंबिका प्रत्येक गोष्टीला “मी बघते” म्हणत राहिली आणि तिचा हात घट्ट धरून बसली.

पित्तनलिकेत खडा अडकला होता. पित्त उलटं रक्तात जात होतं. पिवळेपणा त्याचा, खाजही त्याचीच. डॉक्टरांनी दुर्बिणीतून खडा काढला. “दुखत नसलं की लोक येतच नाहीत,” ते म्हणाले. “निदान डोळ्यांवरून तरी कळायला हवं होतं घरच्यांना. आणखी थोडे दिवस गेले असते तर आत पू झाला असता, मग अवघड होतं.” घरचे म्हणून तिथं अंबिकाच उभी होती. तिनं ऐकून घेतलं.

श्रीनिवास कामावर जाण्याआधी आप्पांना चहा-नाश्ता देऊ लागला. रोपांना पाणी अंबिका घालायची, तेही चुकीचं, हेमलता दवाखान्यातून फोनवर ओरडायची, “फुटव्यावर नको गं ओतू, बुंध्याशी!” चाचणीचा दिवस केव्हाच संपला होता, गल्ली पुन्हा सात रंगांत गेली होती. अंबिकाच्या डोक्यातला राग मात्र आता वेगळा झाला होता. आधी तो दुकानापुरता होता.

ती महापालिकेत गेली. कोंगनोळेच्या टेबलापुढे उभी राहिली.

“साहेब, आमच्या गल्लीत एक बाई तीन आठवडे पिवळी पडत होती. कुणाला दिसली नाही. मला नाही, तिला स्वतःला नाही. आणि तेवढे सगळे दिवस तुमच्या यंत्रात आमची गल्ली पांढरी होती.”

कोंगनोळेनं पेन खाली ठेवलं. त्यानं विचारलं, “बाई बरी आहे ना?” मग तो उठला आणि तिला घेऊन वरच्या साहेबांकडे गेला. तिथं आणखी एक साहेब, मग आणखी एक. बिल्डर दुसरा थर लावायला तयार झाला नाही. त्याच्यावर खटला सुरू झाला, तो चालू राहील. पण तावदानांचा कल बदलायला खर्च नव्हता, आणि एका घराचा उजेड दुसऱ्याला कायमचा देताही येत नव्हता. तेव्हा असं ठरलं की रोज दोन तास तावदानं तिरकी करायची. एकदम सगळी नाही. पाळीपाळीनं कोन असे सरकवायचे की तो पांढरा भाग पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत फिरत जाईल. प्रत्येक घराला रोज थोडा वेळ सगळा उजेड. बाकीचा दिवस ज्याचा त्याचा रंग. कोणते दोन तास, ते गल्लीनं ठरवून शाल्मलीला कळवायचं.

हेमलता घरी येऊन आठवडा झाला होता. अंबिकाच्या दुकानाच्या पायरीवर ती शाल पांघरून बसली होती, हातात ताकाचा पेला. फोनवर शाल्मली.

“अकरा ते एक धर,” अंबिका म्हणाली. “बायका स्वयंपाक उरकून त्याच वेळी बाहेर पडतात.”

“अकरा ते एक?” हेमलतानं पेला खाली ठेवला. “तेव्हाच तर माझ्या अंगणात कडक लाल असतं. रोपांची तीच वेळ. चारनंतर घे की तू.”

“चारनंतर उजेड राहतो किती? पिवळट पडतो तो. बदामी आणि क्रीम सारखेच दिसतात.”

“मग सकाळी घे. नऊला.”

“नऊला कोण बाई ब्लाउजपीस घ्यायला येते? पोरांचे डबे सोडून?”

“माझी रोपं आणि तुझे तागे, यांत जीव कुणाला आहे?”

“तुझा जीव कुणी वाचवला?”

“आली! आली परत तिथंच! दिवसातून किती वेळा ऐकवणारेस? खडा डॉक्टरांनी काढला, तू नाही. तू फक्त अस्तर धरलंस.”

“फक्त?”

“काकू,” फोनमधून बारीक आवाज आला, “मी ठेवू का? नंतर करते.”

“ठेवू नको!” दोघी एकदम म्हणाल्या.

हेमलता आता उठून उभी राहिली होती. एका हातानं शाल सावरत, दुसरा हात हवेत नाचवत ती मिरचीच्या रोपाला किती दिवसांत किती पानं यायला पाहिजेत ते सांगत होती, आणि मध्येच अंबिकाच्या सासूपासून ते टॉवरच्या बिल्डरपर्यंत सगळ्यांना त्यात ओढत होती. आवाज पार कोचिंग क्लासपर्यंत जात होता. तीन खिडक्या उघडल्या. दवाखान्यातल्या कॉटवर हीच बाई कुशीवर वळून भिंतीकडे बघत पडून राहायची, हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

अंबिकाला खरं म्हणजे वैताग आला होता. तोंडात तयार उत्तर होतं, आणि ते चांगलं झणझणीत होतं. तिनं ते गिळलं. फोन कानापासून काढला, पालथा हात गालाला लावून पायरीवर बसली, आणि फोन हेमलताच्या दिशेनं धरला, म्हणजे शाल्मलीला सगळं नीट ऐकू जाईल.